बिलातली नळी आणि कुडपणची पालखी

पोलादपूरच्या एका रिक्षावाल्याचं बाळंतपण माझ्या हातून झालेलं आहे.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. तो बिचारा अपेंडिक्ससाठी आला, ऑपरेशन झालं, टाके सुकले, घरी गेला. मी विम्याचा क्लेम पाठवताना कॉम्प्युटरच्या यादीत एक ओळ खाली बोट दाबलं, एवढंच. दोन दिवसांनी विमा कंपनीतल्या एका मुलीचा फोन.

"सर, पेशंट पुरुष आहे ना?"

"हो, चांगल्या मिशा आहेत."

"मग सर, सिझेरियन कोणाचं झालं?"

मी म्हटलं, "घरात विचारून सांगतो." पुढे कित्येक महिने त्या रिक्षावाल्यानं मला फुकट स्टँडपर्यंत सोडलं, पण रस्ताभर "बाळ कसं हाय?" म्हणून विचारायचा.

महाडच्या एका खासगी हॉस्पिटलात, बिलाच्या खिडकीमागे, माझी सगळी नोकरी गेली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथले मोठे डॉक्टर आजही माझं ब्लडप्रेशर तपासतात आणि तो पट्टा किती आवळायचा हे त्यांच्या हातात असतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बिलिंगचा क्लार्क म्हणजे बेरीज करणारा. बेरीज मशीन करतं. आमचं काम दुभाष्याचं. डॉक्टर पेशंटला काय झालंय ते कागदावर लिहितात. त्यांनी लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही, आम्हाला येतं. त्या आजाराला एक कोड असतो. तो आम्ही शोधून टाकायचा, म्हणजे सरकारी योजनेला किंवा विमा कंपनीला कळतं की पैसे कशाचे मागताहेत. पलंग, सलाईन, इंजेक्शन, नळी, पट्टी, जे जे वापरलं त्याची ओळ बिलात येते. माणूस आठ दिवस पलंगावर कण्हतो आणि शेवटी आमच्याकडे दीड पानात उतरतो.

त्या दीड पानावर वाद घालणारे एकेक नग. नाते गावचे एक निवृत्त गुरुजी होते. म्हणाले, "मी तुमच्या पलंगावर झोपलोच नाही. मला गादी सोसत नाही. खाली चटई टाकून झोपलो. पलंगाचं भाडं काढा."

मी म्हटलं, "गुरुजी, पलंग तुमच्या नावावर अडकला होता ना?"

"मग माझ्या चटईचं भाडं तुम्ही द्या. तीसुद्धा अडकली होती."

वर्गातल्या पोरासारखा मी पुन्हा बेरीज करायला बसलो.

असो. मला सांगायचंय ते शैला सिस्टरांबद्दल. म्हणजे त्यांच्या आडून स्वतःबद्दलच, कारण त्यात मूर्ख मी आहे.

तळमजल्यावरचा जनरल वॉर्ड शैला सिस्टरांचा. 'इनचार्ज' हा शब्द तोकडा पडावा असा त्यांचा कारभार. नर्सिंगची पहिली ड्यूटी त्यांनी तिथेच केली होती आणि हॉस्पिटलातल्या निम्म्या मुली त्यांच्या हाताखाली सलाईन लावायला शिकल्या होत्या. वरच्या मजल्यावर स्पेशल रूम्स. तिथल्या इनचार्ज वेगळ्या, गोड बोलणाऱ्या. शैला सिस्टरांना गोड बोलणं हे पेशंटची साखर वाढवण्यासारखं वाटायचं.

मोठ्या डॉक्टरांचे चिरंजीव, आमचे धाकटे डॉक्टर, पुण्याहून शिकून आले आणि हॉस्पिटलला दर्जाचं सर्टिफिकेट मिळवायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी एक प्रश्न होता: लघवीच्या नळीमुळे किती पेशंटना संसर्ग होतो?

नळी म्हणजे कॅथेटर. ज्याला उठून जाता येत नाही किंवा लघवी अडते, त्याला घालतात. खाली पिशवी लटकते. नळी जितकी जास्त दिवस राहील, तितके तिच्यातून जंतू वर चढायची भीती. म्हणून गरज संपली की लगेच काढायची असते. आता असे संसर्ग मोजायचे खरे कसे? रोज कोणीतरी वॉर्डात फिरायचं, कोणाला नळी आहे, कधीपासून आहे, अजून हवी आहे का, ताप आला का, लघवीचा रिपोर्ट काय म्हणतो, ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे.

धाकटे डॉक्टर मीटिंगमध्ये म्हणाले, "हे कोण करणार?"

तेव्हा मी, कोणी विचारलेलं नसताना, भजीचा घास तोंडात ठेवून बोललो, "सर, फिरायला कशाला पाहिजे? बिलात सगळं असतंच की."

हे वाक्य मला आजही जेवताना आठवतं आणि ठसका लागतो.

युक्ती सोपी होती. बिलात नळीची ओळ आहे आणि आजारात लघवीच्या संसर्गाचा कोड आहे, अशी सगळी नावं कॉम्प्युटरनं वेगळी काढायची. नळी अधिक संसर्ग, बरोबर नळीचा संसर्ग. मी बटण दाबलं. रंगीत प्रिंट काढली, वर फुलाची बॉर्डर टाकली. शैला सिस्टरांच्या वॉर्डात दहा-बारा नावं. वरच्या मजल्यावर शून्य.

पुढच्या मीटिंगमध्ये ती प्रिंट हातोहात फिरली. वरच्या मजल्याच्या सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्या मुली फार स्वच्छ आहेत हो." शैला सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. धाकट्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे ठरवलं: एक तारखेपासून खालचा वॉर्ड वरच्या सिस्टरांकडे, आणि शैला सिस्टरांनी ओपीडीत ड्रेसिंगच्या खोलीत बसायचं. त्या खोलीत आम्ही नवशिक्या मुलींना बसवायचो. आता त्याच मुली वॉर्डात हुकूम सोडणार आणि त्यांच्या सिस्टर तिथे कापसाचे बोळे करणार. मला मात्र "वेल डन, सकपाळ काका" मिळालं. मी आणखी एक भजी घेतली.

संध्याकाळी खिडकीशी शैला सिस्टर.

"सकपाळ भाऊ, माझ्या वॉर्डातल्या माणसांची लघवी तुम्ही इथं बसून तपासलीत?"

"मी नाही सिस्टर, कॉम्प्युटरनं."

"त्याला नाक आहे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"यादी काढा. त्या पेशंटच्या फायली काढा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. मी काही बोलणार नाही."

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मी पहिली फाईल उघडली. नाते गावच्या एक बाई. थंडी वाजून ताप भरला, लघवीत संसर्ग, म्हणूनच दाखल झालेल्या. अशक्तपणानं उठवेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी नळी घातली. म्हणजे आग आधी लागली होती, बंब नंतर आला. आणि माझ्या यादीनं आग लावल्याबद्दल बंबवाल्याला धरलं होतं. बिलात नळीही होती, संसर्गही होता. आधी काय झालं आणि मागून काय, हे बिलात कुठेच नव्हतं.

दुसरी फाईल एका डायलिसिसच्या पेशंटची. त्याच्या मानेत डायलिसिसची नळी होती. आमच्या स्टोअरच्या यादीत सगळ्या नळ्या 'कॅथेटर' या एकाच खात्यात. कॉम्प्युटरनं तीही धरली.

तेवढ्यापुरतं सिस्टरांनी मौन सोडलं. "भाऊ, मानेतून लघवी होत नाही."

असं करत करत यादी गळत गेली. शेवटी उरले कुडपणचे शेलार बाबा. धाकट्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये नेमकं त्यांचंच उदाहरण दिलं होतं, कारण बाबा फार आजारी पडले होते. त्यांच्या बिलात नळी होती, संसर्ग होता, आणि सिस्टरांच्याच वॉर्डात नळी घातल्याची नोंदही होती.

"ते येतानाच मुंबईची नळी घेऊन आले होते," सिस्टर म्हणाल्या. "तापानं फणफणलेले. मी जुनी काढून नवी घातली."

"जुनी होती हे लिहिलंत कुठे?"

लिहिलं नव्हतं. तापलेला म्हातारा समोर, मदतीला एकच मुलगी. काढलेल्या नळीबद्दल कोण लिहितंय?

आम्ही धाकट्या डॉक्टरांकडे गेलो. ते चांगले आहेत, पण शिकलेले आहेत. म्हणाले, "बाकीची नावं मी सोडतो. पण मुख्य केस हीच आहे. सिस्टर, तुम्ही आता सांगताय. पुरावा काय?"

मुंबईचे कागद? बाबांच्या मुलाला फोन लावला, तर पलीकडून नुसता वारा. कुडपण इतकं उंचावर आहे की तिथे रेंज आली तरी दमून बसते. एक तारीख तर तोंडावर आलेली. सिस्टर म्हणाल्या, "रविवारी जाऊ. तुम्ही यायचं. माझ्या तोंडावर कोणाचा विश्वास नाही, तुमच्या कागदांवर आहे."

पोलादपूरपर्यंत एसटीनं, पुढे जीपनं. वळणावळणावर सिस्टर ताठ बसलेल्या आणि मी खिडकीतून तोंड बाहेर काढलेला. वर पोचलो तेव्हा माझाच रंग बघून शेलारांच्या घरातल्या आजींनी विचारलं, "पेशंट ह्यो हाय का गो?"

अंगणात शेलार बाबा खुर्चीत. नळी केव्हाच निघालेली, तब्येत टुणटुणीत. मला मोठा प्रश्न पडला. घरात सून, नातेवाईक बायका, शेजारपाजार गोळा झालेला. त्यांच्यासमोर एका वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या लघवीच्या नळीचा इतिहास कसा विचारायचा? मी लांबून सुरुवात केली. आंब्याचं पीक. रस्त्याचं काम. गुरांचा चारा. बाबा प्रत्येकाला "हाय, हाय" म्हणत होते. चहा आला, संपला. मी पुन्हा आंब्यावर आलो.

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "बाबा, नळी मुंबईला घातली होती ना?"

"मंग? मुंबईलाच!" बाबा खूष झाले. "तुमी नुसती बदललीव. ती पयली किती चांगली हुती, पिशवी मोठी."

मुलगा, प्रकाश, मुंबईला एका कारखान्यात, सुट्टीवर आलेला. तो पुढे झाला. "सर, उधर ऑपरेशन झालं, डॉक्टर बोलला, आठवड्यानं या, काढतो. पण शिमगा आला ना! आम्ही बोललो, थांबू. बाबा ऐकतात काय?"

"पालखी घराकडं येनार," बाबा म्हणाले, "आनि मी मुंबईत नळीची वाट बघत बसू? आमच्या घराचा मान हाय खांद्याचा."

सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, तुम्ही नळी असताना पालखी खांद्यावर घेतली?"

"घेतली नाय, नाचवली!"

"पिशवीचं काय केलंत?"

"मांडीला बांधली. वर धोतर."

"अहो, पण भरल्यावर?"

"मंग काय देवाला सांगू, थांब रे, माजी पिशवी भरली?"

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. प्रकाशनं मोबाईल काढला. "कागद मुंबईला राहिले, पण व्हिडिओ हाय ना सर. सगळ्या ग्रुपवर फिरला."

त्यानं उन्हातून सावलीत नेऊन दाखवला. ढोल, गुलाल, पंचवीस-तीस माणसांचा कल्लोळ, मध्ये पालखी, आणि पालखीच्या दांड्याखाली शेलार बाबा, डोळे मिटून नाचताहेत. तिसऱ्या उडीला धोतर वर गेलं आणि मांडीला बांधलेली पिशवी स्वच्छ दिसली. चांगली भरलेली. ढोलाच्या तालावर तीही नाचत होती. चौथ्या उडीला गाठ सैल झाली आणि पिशवी उसळून पार कमरेच्या वर गेली.

"बघितलाव?" बाबा म्हणाले. "खांद्यावर देव, मांडीला पिशवी. एकाला तरी खाली पडून दिला काय?"

सिस्टर इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्याच दमात बाबांना झापलं. पिशवी नेहमी खाली राहायला पाहिजे. वर गेली की साचलेली लघवी नळीतून उलटी आत जाते, आणि जंतूही बरोबर. "त्यानंच ताप आला तुम्हाला! पालखीनंतर दोन दिवसांत ना?"

"दुसऱ्याच दिवशी," आजी म्हणाल्या. "मी सांगत हुते. पन ह्यांना देव आंगात, नि नळी पन आंगात!"

बाबांनी हात जोडले. "चुकला. पन बाई, ह्यो व्हिडिओ डॉक्टरला दाखवा. त्यांना सांगा, सत्तरी उलटली तरी खांदा हाय."

सोमवारी धाकट्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो व्हिडिओ चालू झाला. मोठे डॉक्टरही येऊन बसले. धाकट्यांनी पहिल्यांदा गंभीरपणे बघितला, दुसऱ्यांदा पिशवीच्या जागी थांबवून बघितला, तिसऱ्यांदा त्यांचे खांदे हलायला लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, "पुरावा पुरे. आता ढोल बंद कर, बाहेर पेशंट उठून नाचायला लागतील."

"म्हणजे काका," धाकटे डॉक्टर माझ्याकडे वळले, "खालच्या वॉर्डातही शून्यच?"

मी सुटकेचा श्वास घेऊन 'हो' म्हणणार, तोच सिस्टर बोलल्या.

"नाही सर. दोन आहेत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. बाई जिंकली होती. वॉर्डाच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या होत्या. आता फक्त गप्प बसायचं होतं.

"दोघांनाही माझ्याच वॉर्डात नळी घातली, माझ्याच वॉर्डात संसर्ग झाला. एकाची नळी शुक्रवारीच काढायची होती. दोन मुली रजेवर होत्या, राहून गेली, सोमवारी काढली. ती चूक माझी. ते दोघं यांच्या यादीत नाहीतच."

"का नाहीत, काका?"

मी दोन्ही फायली आणल्या. लघवीच्या जंतूंचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. माझं बिल त्याआधीच निघतं, कारण घरी जायच्या दिवशी नातेवाईक खिडकीशी उभे असतात आणि बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. रिपोर्ट येईपर्यंत मी दोघांनाही 'साधा ताप' हा कोड टाकून रवाना केलं होतं. रिपोर्ट मागून आला, डॉक्टरांनी औषध बदललं, पेशंट बरे झाले. माझ्याकडे मात्र ताप साधाच राहिला.

थोडक्यात, ज्यांना झालं नव्हतं त्यांची मी फुलाच्या बॉर्डरमध्ये यादी केली होती, आणि ज्यांना झालं होतं ते माझ्या चाळणीतून खाली गेले होते.

"आणि वरचं शून्य?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

तेही सांगून टाकलं. स्पेशल रूमचं ऑपरेशन म्हणजे पॅकेज. नळी त्यातच धरलेली. बिलात नळीची वेगळी ओळ येतच नाही, मग कॉम्प्युटरला ती दिसणार कशी? वर किती जणांना संसर्ग झाला, ते मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. हे सांगताना मात्र मला हसू येईना. इतकी वर्षं वर कोणाकोणाला ताप भरला असेल, कोणी तो सोसत घरी गेला असेल, आणि आमच्या कागदावर सगळं झकास. एकही माणूस मोजल्याशिवाय मी शून्य छापलं होतं, तेसुद्धा ठळक अक्षरात.

धाकटे डॉक्टर फायली मिटून सिस्टरांकडे वळले. "तुम्ही हे दोन सांगितले नसते तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितले. आता वॉर्ड काढून घ्यायचा तर खऱ्या कारणासाठी घ्या."

मोठे डॉक्टर उठले. "कोण वॉर्ड काढतंय? ज्या बाईला आपल्या दोन चुका पेशंटच्या नावानिशी पाठ आहेत, तिला कापूस वळायला बसवू?" मग दारातून मागे वळून, "पण मोजायचं काय? बिलावरून नाही, हे तर ठरलं."

"रोज सकाळी पलंगापलंगाशी जाऊन मोजायचं," सिस्टर म्हणाल्या. "खाली आणि वरसुद्धा. मी बघते. लिहायला हे येतील."

'हे' म्हणजे मी. दोन्ही डॉक्टर सोडले तर केबिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून, खिडकी उघडायच्या आधी, मी हातात पॅड धरून शैला सिस्टरांच्या मागे वॉर्डात फिरायला लागलो. त्या पिशवी बघायच्या, नळी बघायच्या, "ही कधीची? आज हिची गरज आहे का?" असं ड्यूटीवरच्या मुलीला विचारायच्या. गरज नसेल तर डॉक्टरांना विचारून काढायच्या. मी फक्त खुणा करायच्या. चार दिवसांत एक गंमत लक्षात आली. सिस्टरांना बघून पेशंट निवांत पडून राहायचे. मी पॅड घेऊन पलंगाशी उभा राहिलो की उठून बसायचे.

पोलादपूर बाजारातले एक दुकानदार होते. नळी काढायची म्हटलं की आदल्या दिवसापर्यंत "दुखतंय, राहू दे" म्हणून कुरकुरत होते. मला पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, काढा ती आताच. हा बिलवाला रोज येऊन मोजतोय."

"अहो शेठ, नळीला रोजचं भाडं नसतं," मी म्हटलं.

"तुम्ही आज नाही म्हणाल. निघताना कळेल."

मी सगळ्यांना समजावायला लागलो, तसा त्यांचा संशय पक्का होत गेला. शेवटी सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्ही काही बोलू नका. नुसते उभे राहा. जमलं तर पेन जरा हलवत राहा."

वरच्या मजल्यावर तर जादूच झाली. स्पेशल रूममधली माणसं पैशाला घाबरत नाहीत असा माझा समज होता. तिथे मी दारात दिसलो की नातेवाईकच धावत जाऊन नर्सला बोलवायचे. नळ्या वेळेवर निघायला लागल्या. तापही कमी झाले, आणि या वेळी ते पलंगाशी उभं राहून मोजलेले होते. वरच्या मजल्याचा आकडा शून्यावरून वर गेला, तेव्हा तिथल्या सिस्टरांनी माझ्याशी काही दिवस बोलणं सोडलं. मग त्या स्वतःच फेरीला यायला लागल्या. सर्टिफिकेटवाले आले तेव्हा त्यांनी विचारलं, ही सुधारणा नेमकी कशामुळे झाली? धाकटे डॉक्टर रोजच्या तपासणीबद्दल सुंदर इंग्रजीत बोलले. शैला सिस्टर माझ्याकडे बघून ओठ दाबून उभ्या होत्या.

एकदा मात्र माझा हा औषधी गुण उलटला. माझेरीकडच्या एक आजी, मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन कालच झालेलं. त्यांना नळी हवीच होती. मी पॅड घेऊन पायथ्याशी उभा राहिलो आणि आजींनी आकांत मांडला. "काढ गो बाय ती नळी! आताच्या आता काढ!"

सिस्टर पलंगावर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. "आजी, तुमची अजून दोन दिवस ठेवायची आहे. पाय हलवायचा नाही ना? ही आत्ता काढली तर तुम्हालाच त्रास. माझ्यावर विश्वास आहे ना?"

आजींनी सिस्टरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या पेनाकडे बघितलं.

"बरा," त्या म्हणाल्या. "नळी ऱ्हाऊ दे. मंग ह्याला तरी भायेर काढ."

सिस्टरांनी क्षणभर विचार केला, आणि मानेनंच मला दार दाखवलं.